बॉनेटवरची टकटक

विश्वास ठेवा, नाहीतर ठेवू नका. ही गोष्ट माझ्या सख्ख्या मावशीची आहे, आणि मावशी थापा मारत नाही. तेवढा वेळच नसतो तिला.

आणि रात्र-बित्र काही नव्हती. रविवारची भर दुपार होती. गॅरेजचं शटर अर्धं खाली, आत मावशी एकटी.

काकांना, म्हणजे मावशीच्या नवऱ्याला, जाऊन वर्षही झालं नव्हतं. गॅरेज त्यांचं. सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे. मावशी त्यांच्याच हाताखाली इंजिनं उघडायला शिकली, पण कौतुकाचा शब्द कधी मिळाला नाही. तिनं काम संपवलं की उस्ताद यायचे आणि बोटातल्या जाड लोखंडी अंगठीनं बॉनेटवर दोनदा वाजवायचे.

टक... टक...

म्हणजे, पुन्हा कर.

ते गेले आणि गिऱ्हाइकं पांगली. बाईच्या हातात गाडी कोण देणार? एक टॅक्सीवाला तेवढा टिकून होता. त्याच्या इंजिनात टिकटिक सुरू झाली होती. मावशीचे दीर तर टपूनच बसलेले; गॅरेजची जागा त्यांच्याही नावावर होती. सकाळी दारात येऊन म्हणाले, "वहिनी, झेपत नाही तर सोडा ना. ही टॅक्सीसुद्धा तक्रार घेऊन परत आली, तर मी गॅरेज विकून टाकणार."

"झेपतं की नाही ते संध्याकाळी बघायला या," मावशी म्हणाली.

इंजिन कालपासून थंड होतं. तिनं वायरी बाजूला केल्या, बोल्ट काढले आणि इंजिनाच्या डोक्यावरचं टॅपेट कव्हर हलकेच ठोकून सोडवलं. खाली व्हॉल्व्हची रांग तेलात चकाकत होती. फट मोजायची, फीलर गेजची पातळ पट्टी तिनं एकेका फटीत सरकवून पाहिली. एका व्हॉल्व्हपाशी पट्टी अगदीच सैल गेली.

चोर सापडला!

स्क्रू फिरवून तिनं फट बरोबर केली, नट आवळला, कव्हर लावलं, गाडी सुरू केली. टिकटिक गायब. खुशीत तिनं चावी बंद केली आणि बॉनेट खाली आपटलं.

टक... टक...

मावशीच्या हातातला पाना खाली पडला.

तापलेलं लोखंड थंड होताना वाजतंच, तिनं स्वतःला समजावलं.

पण ते असं वाजत नाही. नेमकं दोनदा... आणि मग गप्प.

अंगवळणी पडलेली सवय जाते थोडीच? इंजिन निवेपर्यंत ती स्टुलावर बसून राहिली आणि कव्हर पुन्हा उघडलं.

मघाचाच नट घाईघाईत सैल राहिला होता. चार दिवसांत टॅक्सी टिकटिकत परत आली असती.

"बरं झालं सांगितलंत," ती पुटपुटली. घाबरली होतीच, पण डोळ्यांत पाणीही आलं.

नट घट्ट केला. एकूण एक फट पुन्हा मोजली. कव्हर लावलं. बॉनेट बंद.

टक... टक...

परत उघडायचं? पाना हातात घेतलाही तिनं. बाहेर दिरांची मोटारसायकल येऊन थांबली.

आणि मावशीचं डोकं फिरलं. राहिलंय काय आता? काहीच नाही. आयुष्यभर हेच. चुकलं तरी टकटक, बरोबर असलं तरी टकटक.

"नाही उघडणार!" रिकाम्या गॅरेजात ती ओरडली. "माझं काम बरोबर आहे. पटत नसेल तर तुमचे कान तपासून घ्या!"

तिनं पाना स्टुलावर आपटला.

मग...

टक...

एकदाच. ती दुसऱ्याची वाट पाहत उभी राहिली. दुसरा आवाज आलाच नाही.

दीर शटरखालून वाकून आत आले. "कुणाशी भांडताय, वहिनी?"

"तुमच्या भावाशी."

दीर हसायला गेले आणि तसेच थांबले. बॉनेटवरच्या धुळीत गोल गोल ठसे उमटले होते. अंगठीच्या मापाचे. अंगठी तर मावशीच्या घरी, कपाटात, कुलपात होती.

मावशीनं गाडी सुरू केली. इंजिन एकसारखं चालत राहिलं. दिरांनी ऐकलं, कपाळावरचा घाम पुसला आणि आल्या पावली परत गेले. गॅरेज विकायचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

टकटक मात्र थांबलेली नाही. प्रत्येक गाडीवर होते.

"मावशी, भीती नाही वाटत?" मी विचारलं.

"वाटते ना. पण कव्हर नाही उघडत."

हे इथंच संपलं असतं तर मी लिहिलं नसतं. गेल्या महिन्यात मावशीनं माझ्या गाडीच्या व्हॉल्व्हच्या फटी लावून दिल्या. घरी आले, इंजिन बंद केलं, सीटचा पट्टा सोडत होते.

टक... टक...

मी मोठ्यानं म्हणाले, "मावशीचं काम बरोबर आहे."

मी चावी काढून घेतली.

मग एकदाच... टक.

पण या वेळी बॉनेटवर नाही. माझ्या कानाशी, खिडकीच्या काचेवर.