पाणबुड्याची पेटी

प्रयोगशाळेचं दार ढकलून तो आत आला, तेव्हा त्याच्या अंगावरून पाणी निथळत होतं. हातातली छोटी लाकडी पेटी मात्र त्याने टॉवेलने पुसून अगदी कोरडी करून आणली होती!

"अहो, पुसलीत कशाला?" ती किंचाळलीच. इतकी वर्षं समुद्राच्या तळाशी पडलेलं लाकूड वाळलं की तडकतं. तिने पेटी हिसकावून टबातल्या पाण्यात बुडवली.

"मला वाटलं, स्वच्छ करून द्यावी..." पाणबुड्या ओशाळून हसला. त्याच्या गालाला खळी पडते, हे तिला नको तेव्हा दिसलं.

बुडालेल्या जहाजातल्या वस्तू जतन करणं हे तिचं काम. लाकडात मुरलेलं मीठ निघेपर्यंत पेटी गोड्या पाण्यात ठेवायची, पाणी रोज बदलायचं, मीटरवर खारटपणा मोजायचा. आकडा पुरता उतरला की मगच झाकण उघडायचं. आत काय असेल, या विचाराने तिला अन्न गोड लागेना. 'चूक माझी, पाणी मी बदलतो,' म्हणत तोही रोज येऊ लागला.

"आत प्रेमपत्रं असणार," तो म्हणायचा.

"ती कधीच विरघळली असती. बटणं असतील."

"तुम्ही फारच रुक्ष आहात हो!"

"आणि तुम्ही फारच... बोलता."

गप्पा रंगत गेल्या, आकडा मात्र हटून बसला. जरा उतरायचा, पुन्हा चढायचा. तिने मीटर बदललं, नळाचं पाणी तपासलं, काही म्हणता काही कळेना. शेवटी प्रमुख बाई म्हणाल्या, "तुला जमत नसेल तर पेटी दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवू. सोमवारी गाडी येईल."

डोळे पुसत ती पेटी बांधायला बसली, तेव्हा तो दारातच थबकला.

"थांबा... त्यात समुद्राचं पाणी मीच ओतत होतो. पेटी उघडली की माझं इथे येणं संपलं असतं, म्हणून—"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मला वेड लागायची वेळ आली होती! निघा इथून!"

तो निघाला, पण आधी प्रमुख बाईंपुढे सगळं कबूल करून. म्हणून पेटी तिच्याकडेच राहिली आणि आकडा सरसर उतरला. झाकण उघडायचा दिवस उजाडला. हत्यारं मांडलेली, आणि तिचं लक्ष सारखं दाराकडे. स्वतःवर चरफडत तिने फोन लावला.

"एकटीला नाही उघडायची मला. ये."

"'ये' म्हणालीस?"

"हो. ये लवकर!"

दोघांनी मिळून झाकण उचललं. आत रेशमी दोऱ्याची रिळं होती, एकमेकांना बिलगून बसलेली.

"म्हणजे... संपलं काम," तो हळूच म्हणाला.

"संपलं कसं? आता एकेक रीळ वेगळं भिजवायचं. महिनोन्‌महिने." तिने बादली त्याच्या हातात दिली, पण स्वतःची बोटं काढून घेतली नाहीत. "आणि ऐक... मला तू आवडतोस. तेव्हा पाण्यात काहीही ओतायचं नाही. समजलं?"