एकटीचा बाक

लग्नाला अडीच महिने झाले तेव्हा मला नवऱ्याच्या गावातल्या मुलींच्या शाळेत सहावीचा वर्ग मिळाला. सासरी मी कमी बोलते म्हणून सासूबाई पाहुण्यांना सांगतात, "गुणाची आहे हो." शाळेत मात्र तीच माझी पात्रता ठरली. मोठ्या बाई म्हणाल्या, "या वर्गाला शांत माणूस हवंय."

वर्गातली एक मुलगी नुकतीच गेली होती. सहलीच्या बसचं दार वळणावर उघडलं आणि ती बाहेर फेकली गेली. अठ्ठावीसच्या सत्तावीस झाल्या. बाक दोघींचे, म्हणजे एक कुणीतरी एकटी उरणार. समुपदेशक बाई एकदा येऊन सांगून गेल्या होत्या : रिकामी जागा लपवू नका, आणि तिचं ओझं एकाच मुलीवर टाकू नका. म्हणून मी नंबर लावले. गेलेल्या मुलीच्या बाकावर रोज एकीने एकटीने बसायचं. तिच्या जिवलग मैत्रिणीला, चिमणीला, मी सगळ्यात शेवटी ठेवलं. मला वाटलं, तेवढाच तिला सावरायला वेळ.

सतत चिवचिवाट करायची म्हणून ती चिमणी. अपघातापासून तिच्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता. फाटकापाशी तिची आई मला म्हणाली, "पुढच्या महिन्यापर्यंत बोलली नाही तर तिचा मामा घेऊन जाणार तिला. लांबच्या शाळेत, तिथेच राहायला. मला नकोय हो ते, बाई. पण घरात आता तिच्या गप्प बसण्याचीच भीती वाटते..."

मुली त्या बाकाला घाबरतील असं मला वाटलं होतं. त्या तर त्याच्यासाठी भांडायला लागल्या.

"काल तू मधल्या सुट्टीतपण उठली नाहीस. चीटिंग!"

"मग? माझं बोलणं संपलं नव्हतं."

एकटी बसलेली मुलगी खोडरबर बाकाच्या बरोबर मध्ये ठेवायची, जणू दोघींचं मिळून एकच आहे. मान किंचित डावीकडे कललेली, ओठ हलत असायचे. गणितात कायम नापास होणारी एक जण तिच्या नंबराच्या दिवशी सगळी उदाहरणं बरोबर सोडवून गेली. "शेजारी बघून लिहिलंस का?" असं विचारायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. शेजारी होतं कोण?

हे बरं चाललंय की वाईट, मला ठरवता येईना. मुली हसत होत्या, डबा संपवत होत्या. मोठ्या बाई खूश. घरी नवरा म्हणाला, "हल्ली झोपेत वर्ग घेतेस. काल मला अंगठे धरायला लावलेस."

सव्वीस जणी झाल्या. सत्ताविसाव्या दिवशी चिमणी आली, दप्तर ठेवलं आणि बाकापाशी उभी राहिली. बसली नाही. पहिला तास, दुसरा, तिसरा... शेवटच्या तासाला वीज गेली. पंखा कुरकुरत थांबला. त्या शांततेत पेन्सिलीला नुकतं टोक काढल्याचा वास आला. वर्गात कुणाच्याही हातात पेन्सिल नव्हती.

मी चिमणीजवळ गेले. "बस ना गं. पाय दुखतील."

"जागा नाहीये, बाई."

सव्वीस माना वळल्या. बरेच दिवस न वापरलेला, घोगरा आवाज.

"अख्खा बाक मोकळा आहे, बाळा..."

"ती मधोमध बसलीय. सगळ्यांना जागा दिली तिने. मला देत नाही."

"का?"

ती बाकाकडेच बघत होती. "बसमध्ये मला खिडकी हवी होती. मीच म्हटलं, सरक तिकडे... म्हणून ती दाराकडे गेली."

तुझी चूक नाही, असं मी म्हटलं. दोनदा म्हटलं. तिच्या कानापर्यंत ते पोचलंच नाही. सव्वीस दिवस, एकेकीला जागा मिळताना हिने पाहिलं होतं. आणि नंबर मी लावले होते. काहीतरी करायला हवं होतं. पण 'सरक' हा शब्द मला उच्चारवेना. शेवटी वर्गात वापरते तोच आवाज काढून मी रिकाम्या बाकाला म्हटलं, "ऊठ बघू. हिला बसू दे."

फळी करकरली.

चिमणी बसली. बाकावर डोकं टेकून ढसाढसा रडली. रडता रडता बोलत राहिली, पाच-सहा आठवड्यांचं तुंबलेलं सगळं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. वाटलं, सुटली पोर. आता आईला सांगता येईल, मामाला येऊ नका म्हणून कळवा.

मग तिने डोळे पुसले आणि माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं.

"बाई... ती उभी आहे. विचारतेय, आता तिने कुठे बसायचं?"

मी मागे वळले नाही. समोर मात्र सव्वीस मुली, माझ्याकडे न बघता, आपापल्या बाकावर एकाच वेळी सरकल्या. जागा करून द्यायला, की जागा उरू नये म्हणून... ते मला अजूनही कळलेलं नाही.