ऋणनिर्देशाचं पान

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर राहू द्या. माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत हे खरंखुरं घडलंय. आणि रात्रीबित्री नाही हं. भर दुपारी, विद्यापीठाच्या ग्रंथालयात, तिसऱ्या मजल्यावर.

आम्ही तिला बारकी म्हणतो.

बारकीची पीएचडी शेवटच्या टप्प्यात होती. फक्त गाईडची सही राहिली होती. ती मिळाली की नोकरी पक्की. नाहीतर इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात.

तिचे हे गाईड सर म्हणजे बडं प्रस्थ. विहिरींच्या पाण्यावरच्या प्रबंधाच्या जोरावर खुर्ची मिळवलेली. "माझा प्रबंध बघायची काही गरज नाही," असं ते तिला बजावायचे. पण संदर्भ द्यायचा तर मूळ प्रत बघायला नको? बारकी कसली ऐकते!

जुने प्रबंध घरी नेता येत नाहीत, तिथंच बसून वाचायचे. तिथल्या बाईंनी धूळ झटकून प्रत हातात दिली. सुरुवातीचं एक पान कुणीतरी ब्लेडनं कापलेलं होतं.

बारकी वाचायला लागली...

"अगं, मनात वाच की," बाई म्हणाल्या.

"मनातच वाचतेय."

"मग हे कोण...?"

खोलीत तिसरं कुणीच नव्हतं.

आता बारकीलाही ऐकू आलं. बाईमाणसाचा आवाज... आजारी, धाप लागलेला. ती ज्या ओळीवर होती, तिच्या एक ओळ पुढे.

तिनं प्रबंध फाटकन मिटला.

आवाज थांबला नाही. तो मागे गेला... कापलेल्या पानावर.

"ऋणनिर्देश. मी अंथरुणाला खिळल्यावर हा प्रबंध टाइप करून जमा करण्याची जबाबदारी ज्यानं उचलली, त्या माझ्या वर्गमित्राचे उपकार... मी कधीच विसरणार नाही."

मुखपृष्ठावर नाव होतं सरांचं. एकट्या सरांचं.

बारकी घाबरली, पण त्याहून जास्त तिचं डोकं सणकलं. चोर मेला कुठला! ती तडक सरांच्या केबिनमध्ये घुसली.

"सर, तुमचा प्रबंध कुणी लिहिला?"

सरांचा चेहरा पांढराफटक पडला. मग ते हसले.

"ती तर गेली. मेल्यावर तिला पदवी काय करायची होती? माझं भलं झालं, तुझ्या पोटात का दुखतंय? सही हवी आहे ना?"

"हवी आहे. पण तिचं नाव लागलं पाहिजे."

"मग सही विसर. चल, नीघ!"

वर पंखा फिरत होता. त्याचा आवाज मात्र बंद झाला...

बाहेरची वर्दळ बंद झाली...

आणि सरांचं तोंड उघडलं.

"प्रकरण पहिलं," ते म्हणाले. त्यांनी तोंडावर हात दाबला. बोटांच्या फटींतून शब्द येतच राहिले.

ते अजून येतायत. सरांच्या मिसेस सांगतात, अख्खा प्रबंध म्हणून होतो, की पुन्हा ऋणनिर्देशापासून. घशातून रक्त येतं, तरी सुटका नाही. "कधीच विसरणार नाही" आलं, की भिंतीवर डोकं आपटतात. डॉक्टरांनी हात टेकले.

मला विचाराल तर, बरी जिरली!

बारकीनं विद्यापीठाच्या ऑफिसात अर्ज दिला. प्रबंधावरचं नाव बदला आणि मला दुसरे गाईड द्या. तिथले साहेब खुर्चीत रेलून म्हणाले, "नाव बदलायचं तर मूळ लेखिकेनं जातीनं यायला हवं. आणि तुझ्या सहीचं म्हणशील, तर सर बरे होईपर्यंत थांब."

शिपायासमोर तिला हसले.

काल ग्रंथालयातल्या बाईंचा फोन आला. मी शेजारीच होतो, बारकीनं स्पीकरवर टाकला.

"अगं, ऑफिसात गोंधळ उडालाय. साहेब सकाळपासून मोठमोठ्यानं वाचतायत... हातात कागदसुद्धा नाही!"

"बरं झालं," बारकी म्हणाली. "आली एकदाची जातीनं."

आणि हसली. इतकं खुनशी हसू मी तिच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं. तेव्हापासून मीसुद्धा तिच्याशी जरा जपूनच बोलतोय.