धुक्यातला जास्तीचा एक

“पडद्यावरचा तो ‘एक’ आहे ना... तो मीच!”

सिग्नेने वळून पाहिलं. दारात एक उंच तरुण, गुडघ्यापर्यंत चिखल, आणि चेहऱ्यावर गड सर केल्यासारखं हसू.

“मग आता शून्य झाला बघ,” ती म्हणाली. “आणि फरशीवर चिखल.”

हा येप्पे, समोरच्या बेटावरचा. ओहोटीला समुद्रातून बेटाकडे जाणारी वाट उघडी पडे. तिच्या कडेने तो खुणेच्या फांद्या रोवायचा. सिग्ने कोपनहेगनहून किनाऱ्यावरच्या चौकीत आली होती ती पडदा तयार करायला. त्यावर एकच आकडा दाखवायचा: आत्ता वाटेवर माणसं किती. मोजायचं काम कॅमेऱ्यांचं. शून्य हिरवं, बाकी सगळं लाल. भरती चढताना लाल दिसला की बचावाची बोट निघणार.

येप्पे आता रोज ओहोटीबरोबर टपकू लागला.

“आकडा जरा मोठा कर की. मी एवढा किरकोळ दिसतो?”

“तू आलास की लाल होतो, तेवढं पुरे.”

“कोण... आकडा?”

सिग्नेने मान खाली घातली. गाल चुगली करत होते.

पण धुकं उतरलं की आकडा एक जास्त दाखवायचा. वाटेवर चिटपाखरू नसलं तरी लाल ‘एक’.

“ती कंदीलवाली,” चौकीच्या प्रमुख किर्स्टिनेबाई कॉफी ओतता ओतता सहज म्हणाल्या. “नवरा भरतीत गेला तिचा. आमच्या आजीच्याही आधीपासून शोधतेय. तू धुक्यात एक वजा करून टाक. बोटीला उगाच हेलपाटे नकोत.”

सिग्नेच्या अंगावर काटा आला. तरी तिने एक वजा केला. आकडा शहाण्यासारखा हिरवा झाला.

गुरुवारी दुपारी येप्पेचा फोन आला. “निघालोय. आज तुला काहीतरी विचारायचंय...” आणि मागोमाग धुकं आलं. फांद्या दिसेनाशा झाल्या, त्याचा फोन लागेना, भरती चढू लागली. पडद्यावर मात्र शांत, हिरवं शून्य.

सिग्नेने घाईने ती वजाबाकी काढून टाकली. लाल ‘एक’.

पण कोण — तो, की ती? ती असेल तर येप्पे वाटेवर नव्हताच, पाण्यात कुठेतरी भरकटला होता.

“बाई, बोट सोडा!”

“अगं, धुक्यात एक असतोच—”

“आकड्याचं राहू द्या! माझा माणूस आहे तिकडे!”

किर्स्टिनेबाई धावल्या. सिग्ने पडद्यापुढून हलली नाही. एक... एक... आणि मग — दोन!

बोट सुटायच्या आत दार उघडलं. येप्पे. कंबरेपर्यंत भिजलेला.

“वाट चुकलो होतो,” तो धापा टाकत म्हणाला. “मग तुझा कंदील दिसला. थांबायचीस, पुन्हा चालायचीस... हाका मारल्या, तर वळलीही नाहीस!”

“येप्पे... मी इथून हललेच नाही.”

त्याने वळून मागच्या धुक्याकडे पाहिलं. मग त्याचे गारठलेले हात तिच्या हातात आले.

“तूच आहेस असं वाटलं म्हणून तर चालत राहिलो. सिग्ने, तुला विचारायचं होतं ते—”

“हो.”

“अगं, विचारू तरी दे!”

“हो म्हटलं ना!”

त्याच्या ओल्या खांद्यावरून तिला पडदा दिसत होता. वाट पुरती पाण्याखाली गेली होती, तरी लाल ‘एक’ तिथेच होता. कंदीलवालीचा माणूस अजून यायचा होता.

सिग्नेने तो पुन्हा कधी वजा केला नाही.