हौद्यातली बाकडी

ही गोष्ट खरी आहे. रचून सांगायची असती, तर मी काळोखी रात्र घातली असती आणि लांबून कुत्र्यांचं रडणं घातलं असतं. पण ती घडली रविवारी, भर दुपारी, साडेबाराच्या सुमाराला. जुन्या खाणीकडे जाणाऱ्या सरळ रस्त्यावर. ऊन असं, की सावली पायाखाली आलेली.

ज्याच्या बाबतीत ती घडली तो बसडेपोतला फोरमन. नात्याने माझा मावसभाऊ. त्याच्या तोंडून मी हे तीनदा ऐकलंय. तिन्ही वेळा एका शब्दाचा फरक नाही.

फोरमनने लिलावातून लष्कराचा एक जुना ट्रक आणला होता. चाकं बसलेली, बॉनेटखाली पाखरांची घरटी. अडीच वर्षं सुट्टीचा एकेक दिवस त्याने त्या ट्रकखाली उताणा पडून काढला. गंज खरवडला. इंजिन उतरवलं, बांधलं, पुन्हा उतरवलं. बाजारात मिळेनात ते भाग जेवणाच्या सुट्टीत डेपोतल्या लेथवर स्वतः कातले.

त्याची बायको म्हणायची, "माझी सवत दारात उभी आहे, आणि ह्यांना तिचे पाय चेपण्यातून सवड नाही."

सुतारकाम धाकट्या भावाचं. फोरमनपेक्षा अकरा वर्षांनी लहान. बापाच्या माघारी फोरमननेच त्याला लहानाचा मोठा केला, हाताला कसब दिलं, लग्न लावून दिलं. मागच्या हौद्यातली दोन्ही बाजूंची लांब बाकडी कुजली होती, ती धाकट्याने नवी केली. वर ताडपत्री चढवली आणि दोऱ्या आवळून बांधल्या.

पहिल्या फेरीच्या दिवशी धाकटा केबिनमध्ये चढायला लागला.

"तू मागे बस," फोरमन म्हणाला. "मागचा एक्सल आवाज करतोय का ते ऐक."

"एवढा रंधा मारला तो मागे बसायला?"

"बाकडी तुझी, तूच बस. एक थाप मारलीस की थांबतो, दोन मारल्यास की निघतो."

ट्रकवर ही जुनी रीत. फोरमनने तरुणपणी सात वर्षं मालट्रक चालवलेला. थाप कानावर पडली, की डोक्याच्या आधी त्याचा पाय हलायचा.

ट्रक निघाला. लोण्यातून सुरी जावी तसा. फोरमनला शीळ घालावीशी वाटली.

खाणीच्या फाट्यावर मागच्या पत्र्यावर थाप आली...

एक.

फोरमनने ब्रेक दाबला. केबिनच्या मागच्या पत्र्याला वहीएवढी खिडकी होती. तिच्यातून त्याने विचारलं, "काय रे?"

"काय?" धाकटा बाकड्याच्या मध्यावर बसला होता. "तूच थांबवलास ना?"

"थाप कुणी मारली?"

"मी तर दोन्ही हातांनी दांडी धरून बसलोय. वय झालं तुझं, दादा. कान तपासून घे."

फोरमन हसला.

तेवढ्यात ट्रक मागून स्प्रिंगच्या पाट्यांवर किंचित खाली बसला...

पाटे कुरकुरले. माणूस चढल्यावर कुरकुरतात तसे.

मग दोन थापा.

आणि फोरमनचा पाय क्लचवरून उठला.

"तिथे चुकलं," तो सांगतो. "मी निघायला नको होतं."

पुढे पाण्याच्या टाकीपाशी पुन्हा एक थाप. पुन्हा पाटे कुरकुरले. पुन्हा दोन.

फोरमनने खिडकीतून पाहिलं. धाकटा आता मध्यावर नव्हता. केबिनच्या बाजूला हातभर सरकला होता.

"इकडे का आलास?"

"कुठे आलो? इथेच तर होतो."

चौथ्या थांब्यानंतर त्याने पुन्हा पाहिलं. धाकट्याने गुडघे जुळवून घेतले होते. कोपर पोटाशी. आवाजही खाली गेलेला, परक्यांसमोर बोलतो तसा.

"दादा... ओल्या लोकरीचा वास येतोय. फौजी कोटाचा असतो तसा."

आभाळात ढगाचा ठिपका नव्हता.

आता थांबायचं नाही, फोरमनने ठरवलं. स्टिअरिंग घट्ट धरलं, दात आवळले. थाप आली...

पाय ब्रेकवर गेला.

तो स्वतःच्या पायाकडे बघत राहिला. पाय त्याचाच होता. ऐकत मात्र त्याचं नव्हता.

सहाव्या वेळी धाकट्याचा गाल खिडकीच्या चौकटीला टेकला होता. खांदे दोन्हीकडून दाबल्यासारखे. श्वास तुटक.

फोरमनने इंजिन बंद केलं. "उतर! मागून उडी मार!"

"कसा उतरू?" धाकटा कुजबुजला. "मधे बसलेत ना सगळे."

फोरमनने पाहिलं. दोन्ही बाकडी रिकामी. मागून येणाऱ्या उजेडात नवं पॉलिश चमकत होतं.

तो धावत मागे गेला. मागचा फाळका पाडला. वर चढला आणि आत पाऊल टाकलं...

पायाला फळी लागली नाही.

पाऊल कशावर तरी पडलं. कडक, गोलसर. बुटाचा चवडा असतो तसं. खाली बघितलं तर नुसती फळी. दुसरीकडे टेकवायला गेला, तिथेही तेच. त्या रिकाम्या हौद्यात एक पाऊल ठेवायला जागा नव्हती.

त्याने फाळक्यापाशी उभ्याने हात लांबवला. पलीकडून धाकट्यानेही लांबवला. मधे चार हात अंतर उरलं.

"जरा वाट द्या," फोरमन म्हणाला. कुणाला म्हणतोय हे त्याला ठाऊक नव्हतं. मग त्याने हात जोडले. "माझा भाऊ आहे हो तो. मीच बसवलं त्याला इथे. वाट द्या."

कुणी हललं नाही.

शेवटी त्याने खाली उतरून केबिनमधल्या सुऱ्याने बाजूची ताडपत्री फाडली आणि धाकट्याच्या काखेत हात घालून त्याला हौद्याच्या कठड्यावरून बाहेर ओढलं. दोघं रस्त्याकडेच्या मातीत पडले. धाकटा घामाने निथळत होता. फोरमनने त्याला पोटाशी धरलं. वाटलं, सुटला.

दुसऱ्या दिवशी डेपोच्या क्रेनने ट्रक ओढून आणला. फोरमनने रजा टाकली आणि नऊ दिवसांत तो सगळा सुटा केला. स्क्रूसुद्धा जागेवर ठेवला नाही. बाकडी जाळली. अडीच वर्षांचं काम.

पंधरवड्याने धाकट्याची बायको दारात आली.

"भाऊजी, हे पलंगावर सरकून झोपतात. अगदी भिंतीशी. मी बाजूला टेकायला गेले की म्हणतात, तिथे नको... कुणीतरी आहे."

फोरमन त्याला डॉक्टरकडे घेऊन गेला. दवाखान्यात तीन बाकं होती, तिन्ही रिकामी. धाकटा कोपऱ्यात उभा राहिला.

"बसा की," कंपाउंडर म्हणाला.

"असू दे. त्यांना बसू द्या."

डॉक्टरांनी छाती तपासली, डोळ्यांत बॅटरी मारली. धसका घेतलाय म्हणाले. झोपेच्या गोळ्या दिल्या. गोळ्या घेऊन धाकटा झोपला, पण उभ्याने. पाठ भिंतीला लावून.

मग दर आठवड्याला तो थोडा थोडा मागे जात राहिला. आधी पलंग सोडला. मग खुर्ची. आता तो आतल्या खोलीत कपाट आणि भिंत यांच्या फटीत उभा असतो. खांदे आत ओढलेले, हात पोटाशी. फटीत आता बोटभरही जागा नाही. बाजूच्या खिडकीतून ताट दिलं तर छातीशी धरून जेवतो, कोपर लागू नये कुणाला म्हणून.

फोरमन रोज संध्याकाळी जातो. आत जात नाही. जाता येत नाही.

मागच्या रविवारी मीही त्याच्याबरोबर होतो. खोली मोकळी, सतरंजी गुंडाळून ठेवलेली, पलंगावर चादर ताठ. मी आत जायला पाय उचलला आणि तसाच मागे घेतला. का, ते विचारू नका.

धाकट्याची बायको आमच्यामागे दारात उभी होती. रडून रडून तिचा घसा बसलेला.

"भाऊजी, तुमचं ऐकतात ते. विचारा ना त्यांना... अजून किती यायचेत?"

फोरमनने विचारलं.

धाकट्याने आमच्याकडे पाहिलं. ओठ हलवले. बराच वेळ हलवले, मोजत असल्यासारखे.

भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक मला स्पष्ट ऐकू येत होती. पण त्याचं बोलणं काही त्या सगळ्यांमधून दारापर्यंत पोचलं नाही.