आठ जागा

"त्या खुर्चीवर नका बसू," हे जयदेवचं तिच्याशी पहिलं वाक्य. वृंदा बसलीच. अंबरनाथच्या त्या कारखान्यात बॉयलरचे कंट्रोलर बनायचे, त्यांचे प्रोग्राम लिहायला तिला घेतलं होतं, आणि दुसरी खुर्ची नव्हतीच. शेजारच्या स्टुलावर बसणारा जयदेव दिसायला बरा होता, पण महिनाभरात त्याने दहा वाक्यं काही पुरी केली नाहीत.

मग ते सुरू झालं. प्रोग्राममध्ये कंसाच्या आतली प्रत्येक ओळ वृंदा सुरुवातीला दोन रिकाम्या जागा सोडून लिही. सकाळी येऊन बघावं तर — आठ. पानामागून पान, आठ.

"गुरुदत्तसाहेबांची खुर्ची हाय ती," चहा देताना सगुणाबाई म्हणाली. "गेल्या साली बॉयलरपाशीच गेले ते."

ड्रॉवरमध्ये त्यांचे जुने प्रिंटआउट निघाले. सगळे आठ जागांचे. वृंदाच्या अंगावर काटा आला.

दुसऱ्या सकाळी ती राजीनामा लिहूनच आली. उद्या बॉयलरची चाचणी, आणि तिथे तिलाच उभं राहायचं होतं. जाता जाता तिने फाइल उघडली. एकात एक अशा सहा कंसांच्या आतली तिची ओळ आठ-आठ जागांनी ढकलत पडद्याबाहेर गेली होती. ती बाणाचं बटण दाबत राहिली. रिकामं... रिकामं... आणि ओळीच्या शेवटी इंग्रजी अक्षरांत मराठी: जयदेव, आता तिला सांग.

"जयदेव... हे काय आहे?" ती उठून उभीच राहिली.

तो जवळ आला, आणि पांढराफटक पडला.

"आठ जागा मी करतो. तासभर आधी येऊन. गेल्या साली अशीच खोल ओळ मी लिहिली होती, दोन-दोन जागांची. कंस कुठे संपतो ते दिसलंच नाही... व्हॉल्व्ह बंद झाला नाही. गुरुदत्तसर तिथे उभे होते. त्यांच्यासारख्या आठ जागा सोडल्या की चूक डोळ्यांत भरते. आणि उद्या तिथे तुम्ही असणार."

"मग हे शेवटचं?"

"हे मी नाही लिहिलं."

दोघंही उभे होते. खुर्ची मात्र करकरली.

वृंदाला घाबरायला हवं होतं. पण तिला एकदम धीर आला.

"सर सांगतायत तर सांगा ना," ती हळूच म्हणाली.

"सांगितलं की सगळं."

"सगळं?"

"तुम्हाला काही झालं तर... मी पुन्हा नाही सावरणार, वृंदा. तू मला आवडतेस."

"एवढं खोल कशाला ठेवायचं मग?" तिने पर्समधला राजीनामा फाडला. "चल, आधी हे सहा कंस फोडू. उद्या दोघं उभे राहू."

त्या एका स्टुलावर दोघं दाटीवाटीने बसले. खुर्ची त्यांनी सरांसाठी सोडली.