पॉवर सप्लायच्या पोटात काय?

“मदरबोर्ड झाला, प्रोसेसर झाला, रॅम आणि डिस्क झाली. स्क्रीन आणि ग्राफिक्स कार्डही झालं! आता फक्त कॅबिनेट आणि पॉवर सप्लाय!” पेसा यादी नाचवत म्हणाला. “लुपे, हस की जरा!”

लुपेला हसू येत नव्हतं. दुकानातल्या घड्याळात एक वाजून गेला होता. सवाईई बेटावर परत नेणारी शेवटची बोट चारला सुटायची, आणि धक्का इथून, आपिया शहरातून, चांगला तासाभराच्या अंतरावर. सोमवारी थोरल्या बहिणीचा, फेतूताईचा, नकाशे आखण्याचा अभ्यासक्रम घरूनच सुरू होणार होता. तोवर घरी कॉम्प्युटर नसेल, तर तिची जागा दुसऱ्याला! त्यासाठी सगळ्या घराने सहा महिने खोबरं विकून दोन हजार ताला रोख जमवले होते. त्यातले चारशे वीस उरले होते.

सोबत मोठं माणूस हवं, म्हणून सेफोमामा आले होते. मामा म्हणजे गावच्या सभेतले मानकरी. कॉम्प्युटरमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण पसंती मात्र त्यांचीच! त्यांनी रंगीत दिवे लुकलुकणारं तीनशेचं कॅबिनेट निवडलं आणि उरलेल्या एकशेवीसचा पॉवर सप्लाय तळहातावर तोलून पाहिला.

“वा! चांगला जड आहे. तारोचा कंद असो की यंत्र, हलकं घ्यायचंच नाही!”

“सातशे वॉटचा आहे, साहेब,” दुकानदार खूश होऊन म्हणाला.

लुपेने तो हातात घेतला आणि ती चपापली. सगळा भार एकाच कोपऱ्यात! शिवाय वायरी बुटाच्या नाडीपेक्षाही बारीक.

“पेसा,” ती आपल्या मावसभावाच्या कानात कुजबुजली, “शाळेतला जळाला ना, त्याच्या वायरी अश्शाच होत्या.”

“आणि तो एकटा नाही जळाला. कॉम्प्युटरमधलं सगळं घेऊन गेला!”

“मग मामांना सांग ना.”

“मी? चारचौघांत ‘मामा, तुम्ही चुकलात’ म्हणू? वेडी आहेस का? आई माझं भरीत करेल!”

ते खरंच होतं. मोठ्यांची चूक लोकांसमोर काढायची नसते, हे त्यांच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण गप्प बसावं, तर ताईचं काय? मामांनी पाकीट काढलं.

“मामा,” ती कशीबशी म्हणाली, “हा एका बाजूलाच जड लागतोय. मला काही कळत नाही. तुम्ही तर कंद नुसता हातात घेऊन सांगता, आतून कुजलाय का ते! जरा बघता का?”

“आण इकडे!” मामा खुलले. त्यांनी तो हलवला, उलटा केला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पेसाने झटकन मोबाईलचा उजेड पंख्याच्या जाळीवर धरला. मामांनी एक डोळा मिटून आत पाहिलं.

“अरे, आत सिमेंट आहे!” मामा गरजले.

सगळं दुकान गोळा झालं. आत खरोखरच मुठीएवढा करडा गोळा चिकटवलेला होता!

“देवाशपथ, मी उघडून पाहिलंच नाही!” दुकानदाराचा चेहरा पडला. “स्वस्तात मिळाले, म्हणून खोकंभर आणले.”

“वजन वाढवायला सिमेंट! सगळे काढ त्या फळीवरून,” मामा म्हणाले. मग ते लुपेकडे वळले. “आता तू निवड.”

लुपेने चांगल्या कंपनीचा दोनशेसाठचा पॉवर सप्लाय उचलला आणि बिनदिव्यांचं एकशेचाळीसचं कॅबिनेट.

“दिवे गेले!” मामांनी सुस्कारा सोडला.

ओशाळलेल्या दुकानदाराने तिथेच कॉम्प्युटर जोडून दिला. बटण दाबताना लुपेने डोळे गच्च मिटले. पंखा घुमला.

“लागला! लागला!” पेसा ओरडला. लुपेने डोळे उघडले, तर स्क्रीन उजळलेला! तिला रडूच फुटलं.

बोट सुटायला पाच मिनिटं असताना तिघं धापा टाकत चढले. खोकं मामांनी मांडीवर घेतलं.

“लुपे, तुला आधीच संशय आला होता ना?”

लुपेने मान खाली घातली. “थोडासा. रागावलात?”

“अगं, फेतूचं वर्ष वाचवलंस, वर माझा मानही राखलास! सभेतल्या भल्याभल्यांना जमत नाही ते. उद्या मी सगळ्यांसमोर सांगणार, हे लुपेनं केलं म्हणून.” मामांनी मांडीवरचं खोकं सावरलं. “पण पुढच्या वेळी सरळ सांगत जा.”

“चारचौघांत?”

मामांनी इकडेतिकडे पाहिलं.

“कानात!” ते म्हणाले.